खांबकाकांची पेटी

आमच्या ह्यांना अख्खी इमारत खांबकाका म्हणते. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली, तेव्हा नावाला जो खांब चिकटला तो निवृत्त झाल्यावरही सुटला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी भाजी घेऊन येत होते आणि डोक्यावरून आवाज आला, "अगं, चावी शेजारी ठेवलीय!" वर बघते तर नवरा तारांमध्ये लटकलेला. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. मी मान खाली घालून जी निघाले ती थेट घरात.

पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाला पक्का. कुणाचा फोन बंद पडला की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "एखाद्याच्या घरी आजारी माणूस असेल," असं म्हणायचे आणि भरल्या ताटावरून उठून जायचे. मी ताट झाकून ठेवायची आणि मनातल्या मनात त्या टेलिफोनला शिव्या घालायची.

त्या लाइनमन लोकांची एक रीत होती. प्रत्येक इमारतीच्या जिन्यात एक लोखंडी पेटी असते, तिथे सगळ्या घरांच्या तारा एकत्र येतात. काम संपलं की पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं: कुठली तार कुणाच्या घरी जाते, जोड कुठे दिलाय, नंबर काय. बदल झाला तर जुनं खोडून नवं लिहायचं. "मागून येणाऱ्या भावाला शोधत बसावं लागू नये," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. पेटीला कुलूप, आणि चावी लाइनमनच्या कमरेला. आत काय लिहिलंय ते टेलिफोन खात्याच्या माणसाशिवाय कुणी बघायचं नाही.

निवृत्त झाले, चावी जमा केली, पण कानामागची पेन्सिल काही गेली नाही. घरात आमच्या प्रत्येक गोष्टीवर लिहिलेलं सापडेल. गॅसच्या नळीवर तारीख, पंख्याच्या पात्यावर तारीख, पिठाच्या डब्यावर तारीख. मी एकदा म्हटलंसुद्धा, "माझ्या कपाळावर पण लिहून ठेवा, कधी आणली ते." तर म्हणतात कसे, "ते माझ्या लक्षात आहे." असं काही बोलले की मला पुढे भांडता येत नाही.

आता वायफायच्या भानगडीकडे येते. आमचा मुलगा लांब धरणाच्या कामावर असतो. वर्षातून दोनदा येतो, पंधरा दिवस राहतो, आणि जाताना सूनबाई खिडकीतून खाली बघत उभी असते ते मला बघवत नाही. तिथे बायकोला नेण्यासारखी जागा नाही, पत्र्याच्या खोलीत आठ माणसं झोपतात. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, सूनबाईला घरबसल्या एक पक्की नोकरी लागली की मुलाने तिथलं सोडायचं आणि इथे येऊन मिळेल ते बघायचं.

आणि तशी नोकरी लागली की तिला! डॉक्टर लोक पेशंट तपासून झाल्यावर तोंडाने बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून लगेच कंपनीला पाठवायचं. कुणाच्या पोटात काय, कुणाच्या डोक्यात काय, सगळं खाजगी. म्हणून कंपनीचे नियम कडक. सहा महिने बघणार, मग पक्की करणार. सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात सहा महिने मोजून शेवटच्या तारखेला एक बारीकसं टिंब दिलं होतं. ते टिंब काय आहे हे मला तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण येता-जाता माझीही नजर तिथे जायचीच.

वायफायची डबी बसवायला नेटवाल्यांचा एक जाडा गृहस्थ आला होता. जिने चढून धापा टाकत होता. त्याची तार पहिल्या मजल्यावरच्या त्याच लोखंडी पेटीतून वर आली, तेव्हा आमच्या ह्यांना कोण आनंद! त्याच्याबरोबर चार वेळा खाली-वर केलं. निघताना तो म्हणाला, "पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा काका, लोक विसरतात आणि मग मला जिने चढावे लागतात." हे म्हणाले, "त्याची काळजी सोडा. चौतीस वर्षं हेच केलंय."

चार महिने छान गेले. पाचव्यात त्या डबीचं काय बिनसलं कोण जाणे. सकाळी ठीक असायचं, दुपारी चार वाजले की सिग्नल जो पडायचा तो उठायचाच नाही. सूनबाईची फाइल अर्ध्यावर अडकायची. पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चिन्ह, आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसलेली. मला काही करता येण्यासारखं असतं तर केलं असतं. मी आपली चहा करून द्यायची. तो पण निवून जायचा.

ह्यांनी मात्र कंबर कसली. हातात मोबाइल धरून घरभर फिरायचे, पडद्यावरच्या पट्ट्या मोजायचे आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे. दाराशी "चार", कपाटाशी "दोन", मोरीत "तीन". मोरीत तीन! "मग काय सूनबाईला मोरीत बसवताय?" मी विचारलं. ह्यांनी आरशाचं कपाट हलवलं, कारण आरसा लहरी परतवतो. माझे स्टीलचे डबे फळीवरून उतरवले, कारण धातू लहरी खातो. मी म्हटलं, "एवढं खातोय तर त्याला जेवायलाच वाढते." ह्यांना हसू आलं नाही. डबी आधी टीव्हीवर होती, मग पडद्याच्या दांडीला बांधली, मग शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवली. एक दिवस दमून खाली बसले आणि म्हणाले, "तार दिसली असती ना, तर बोटाने चाचपून सांगितलं असतं कुठे तुटलीय. ह्याला धरू कुठे?"

इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात सूनबाईच्या कंपनीची पहिली ताकीद आली. एका महिन्यात अकरा वेळा काम तुटलं, कारण कळवा. तो जाडा गृहस्थ पुन्हा धापा टाकत आला, त्याने डबीला आपला फोन जोडून बघितला आणि म्हणाला, "अहो, तुमचं नेट बाहेरचे वापरतायत. पासवर्ड फुटलाय." त्याने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि सूनबाईला नवा सांगितला. तिने आमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये घालून दिला, आणि ह्यांनी मोठ्याने म्हणून पाठ केला.

मग कंपनीकडे एक कागद भरून पाठवायचा होता. सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवला: पासवर्ड बदलला आहे, तो घरातल्या तीन माणसांनाच माहीत आहे, बाहेर कुणालाही सांगितलेला नाही आणि सांगणार नाही. खाली तिची सही. ह्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. लाइनची गोष्ट बाहेर सांगायचीच नसते."

शनिवारी हे झालं. रविवार, सोमवार असं काही झक्क चाललं म्हणता! सूनबाई काम करता करता गुणगुणत होती. मंगळवारी सकाळी हे चप्पल घालून खाली गेले आणि दहा मिनिटांनी वर आले. "कुठे गेला होतात?" "पेटीचं काम राहिलं होतं, करून आलो." मी भाजी चिरत होते. कसलं पेटीचं काम, असं मी विचारलं असतं तर? पण ह्या माणसाचं कुठे ना कुठे काही ना काही काम चालूच असतं, मी कुठवर विचारणार. नाही विचारलं. आजही ते मला डाचतं.

गुरुवारी चार वाजता सिग्नल पडला.

त्याच सुमारास खालची टेलरीणबाई जिन्यात ह्यांना म्हणाली होती, "काका म्हणजे देवमाणूस हो! आजकाल कोण करतं एवढं दुसऱ्यासाठी?" ह्यांनी आदल्या महिन्यात तिची दारावरची घंटा दुरुस्त करून दिली होती. घरी येऊन मला ऐकवलं, "बघ, लोकांना किंमत आहे." मी म्हटलं, "घंटा वाजली की त्यांना तुमची आठवण येत असेल."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या तपासणीच्या बाई पडद्यावर आल्या. दुपारची वेळ. आम्ही दोघं मागे पलंगावर बसलो होतो, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे. बाई सूनबाईला सांगत होत्या, हे उघडा, ते दाबा, आता जी यादी आली ती वाचा. आमच्या डबीला त्या घडीला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी होती ती. सूनबाई वाचायला लागली. पहिली तीन आमची. मग "टेलरिंग टीव्ही". मग "मास्तर दोन". मग कुणीतरी "राजाबाबू". वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. एकूण तेवीस.

"पासवर्ड कुणाला दिलाय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही," सूनबाई म्हणाली. आणि तिने वळून आमच्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली. हे तर उठूनच उभे राहिले. "बाई, मी खात्यात होतो. अख्ख्या हयातीत कुणाला चोरून लाइन दिली नाही. हा पेटीतला घोटाळा आहे. कुणीतरी आमच्या तारेवर जोड मारलाय. पाच मिनिटं द्या, आत्ता पकडून दाखवतो."

आणि निघाले की तरातरा! काय सांगू, अंगात वीस वर्षांपूर्वीचं बळ आलं होतं. अखेर ह्या भानगडीत एक तार होती, आणि तार म्हटली की ती ह्यांच्या हातातली गोष्ट. हातात बॅटरी, मागे सूनबाई, तिच्यामागे गुडघे सांभाळत मी. मी एरवी खाली उतरतच नाही, वर्षातून दोनदा उतरले तर खूप.

पेटीला कुलूप नव्हतं. कडी तुटून किती वर्षं झाली असतील देव जाणे, दार तारेच्या एका वेटोळ्याने अडकवलेलं. जिन्यातल्या दिव्याचं बटणही त्याच पेटीत. म्हणजे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ते दार उघडायचंच. ह्यांनी वेटोळं काढलं, बॅटरी मारली आणि आत डोकं घातलं. "ही आपली तार. ही इथून वर जाते. जोड नाही... इथेही जोड नाही... थांब जरा."

हे आत बघत होते. सूनबाई दाराच्या आतल्या बाजूकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे अक्षर तुमचं आहे?"

"कुठलं? हां, ते माझंच." ह्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. आवाजात केवढा अभिमान. "नवा बदलला तेव्हा जुना खोडून लिहिला. लिहायलाच लागतो. मागून येणाऱ्याला..."

आणि डोकं बाहेर काढलं.

दारावर आमच्या घराचा नंबर होता. त्याच्यापुढे बाण. बाणापुढे "वायफाय", आणि ठसठशीत सुबक अक्षरात पासवर्ड. वरचा जुना एका सरळ रेघेने खोडलेला, मोजपट्टी लावून खोडावा तसा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा घालणाऱ्यानेच कळसा काखेत ठेवला होता. आणि मी बाई तीन आठवडे माझे डबे फळीवरून उतरवले म्हणून भांडत होते.

"सांगितलं कुठे मी कुणाला," हे हळूच म्हणाले. "लिहिलं फक्त. पेटीत लिहिलं. पेटी खात्याची असते."

सूनबाई ओरडली असती तर मी मध्ये पडले असते, ह्यांची बाजू घेतली असती, नाहीतर तिची. तिने काही कामच ठेवलं नाही मला. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि वर गेली, कारण वर बाई पडद्यावर थांबल्या होत्या.

ह्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि दारावर घासायला लागले. अक्षर पुसेना. जवळून बघितलं तर त्यावर कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावलेली, चारी बाजूंनी नीट दाबून. तेवढ्यात टेलरीणबाई गळ्यात टेप घालून बाहेर आली. "अहो काका, पुसताय कशाला? परवा कुणाचातरी ओला हात लागला होता, म्हणून मीच पट्टी लावली. पोरीची परीक्षा आहे हो माझ्या, सगळं त्याच्यावरच शिकते ती. तुम्ही सगळ्यांसाठीच लिहिलंत ना? बाण काढून, घराचा नंबर घालून..."

मला तिच्यावर चिडायचं होतं. चांगली चार खडखडीत वाक्यं तोंडावर आली होती. पण चिडू कुणावर? तिने काही चोरलं नव्हतं. दार उघडलं तर समोर वाढून ठेवलेलं, तिने खाल्लं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असंही म्हणवेना, कारण आमच्या आंधळ्याने पिठाच्या डब्यावर पत्ता लिहून दिला होता. मी ह्यांच्या हातातलं रबर काढून घेतलं आणि नखाने ती पट्टी उपटली.

वर आलो तर बाईंशी बोलणं संपत आलं होतं. ह्यांनी सरळ सूनबाईच्या खुर्चीजवळ जाऊन पडद्यासमोर हात जोडले. अख्ख्या नोकरीत साहेबापुढे हात न जोडलेला माणूस. "बाई, चूक माझी आहे. पोरीला काहीच माहीत नव्हतं."

बाई वाईट नव्हत्या. मला वाटत होतं वाईट असत्या तर बरं झालं असतं. "काका, मला तुमचं कळतंय," त्या म्हणाल्या, "पण तिला माहीत नव्हतं हीच तर अडचण आहे. तिने लिहून दिलंय की बाहेर कुणाला माहीत नाही. लोकांच्या आजारपणाचे कागद आहेत हे."

"मग माझी सही घ्या. मी लिहून देतो."

"तुमची सही घेऊन मी काय करू, काका?"

ह्यांचे हात तसेच जोडलेले राहिले, आणि पडदा बंद झाल्यावरही थोडा वेळ तसेच होते. दोन दिवसांनी पत्र आलं. चार ओळींचं. खोटी माहिती दिल्यामुळे काम थांबवण्यात येत आहे. खोटी! त्या पोरीने आयुष्यात कधी मला दुधाची पिशवी आणली म्हणून खोटं सांगितलं नाही.

कॅलेंडरातल्या टिंबाला अजून सव्वीस दिवस होते. मी मोजले.

सूनबाईने पासवर्ड पुन्हा बदलला. सांगायला ह्यांच्याकडे गेली तर ह्यांनी दोन्ही हात वर केले. "मला नको सांगू. माझ्या फोनला पण नको घालू." ती म्हणाली, "अहो बाबा, असं काय करता?" पण हे ऐकेनात. गावभर लाइनी जोडलेला माणूस स्वतःच्या घरात बिनलाइनीचा बसला. भिंतीवरचे ते "चार", "दोन", "तीन" पुसून काढले. पुसले तरी डाग राहिले. कानामागे पेन्सिल नव्हती. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

इमारतीतली माणसं दोन दिवस जिन्यात जराशी तोंड फिरवून गेली. टेलरीणबाई आता देवमाणूस म्हणत नाही.

रविवारी अकरा वाजता मुलाचा फोन येतो, व्हिडिओवर. सूनबाई मला म्हणाली होती, आज मी त्यांना सांगते. तिने केस विंचरले, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघी समोर बसलो. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे.

मुलगा दिसला, आणि काय सांगू, इतका स्वच्छ दिसला की हनुवटीवरचा दाढी करताना लागलेला काप दिसला मला. एरवी चौकोन चौकोन होऊन दिसायचा. तो पण हसायला लागला. "अरे वा! आज किती स्पष्ट दिसताय सगळे! बाबांनी पकडला वाटतं बिघाड? मी म्हणत होतोच, बाबांच्या हातून सुटणार नाही." आणि सूनबाई तोंड उघडणार इतक्यात तोच पुढे म्हणाला, "ऐक, एक आनंदाची बातमी आहे. काल साहेबांना राजीनामा देऊन टाकला. महिनाभरात येतो मी. आता तू पक्की झालीसच म्हणायची, मग थांबायचं कशाला?"

सूनबाईचं उघडलेलं तोंड मिटलं. तिने माझा हात धरला, खाली, फोनला दिसणार नाही असा.

"बाबा कुठेत?" त्याने विचारलं. "बोलवा ना त्यांना."

हे आले. आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसले. माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हणत होते, आता सांगतील. सांगायला हवंच होतं, आणि सांगायचं ते ह्यांनीच.

"हॅलो," हे म्हणाले. "ऐकू येतंय?"

"येतंय हो बाबा. एकदम स्वच्छ."

ह्यांनी घसा खाकरला. पुन्हा म्हणाले, "हॅलो. ऐकू येतंय का?"

"येतंय ना! बोला तुम्ही."

दीड महिना मी हात जोडून म्हणत होते की देवा, ह्या पोरीचं तुटू देऊ नकोस. त्या क्षणी पहिल्यांदा म्हटलं, देवा, आता तुटू दे. एकदाच. पडद्याच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या मी मोजल्या. चारही भरलेल्या होत्या. मुलगा हसऱ्या तोंडाने थांबला होता, बाबा काय बोलतात म्हणून, आणि लाइन काही तुटली नाही.